वाघाले देल्ला

हे लिहायचं राहूनच गेलं असतं. गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आणि पांढरे कपडे आठवतात. आमच्या खाण कॉलनीतला गोल्फ सांगायला गेलं की ते आधी हसून घेतात. त्यात ज्याची ही गोष्ट, तो झाडू पेंदाम स्वतःच म्हणाला होता, “नको लिहू बावा, माही काय इज्जत राह्यन.” मग काही दिवसांनी रस्त्यात थांबवून तोच म्हणाला, “लिही. पन जसं झालं तसं लिही.”

तर सोमवारची सकाळ होती. डिसेंबरची थंडी. लटारूभाऊनं काठी फिरवली, बॉल टणकन उडाला, हवेतच डावीकडे वळला आणि सरळ घाणेरीच्या झुडपांत शिरला.

“कुठी गेला?” कपाळावर हात धरून लटारूभाऊ भलतीकडेच, उजव्या बाजूला बघत होता.

“मधात पडला,” झाडू म्हणाला. “मस्त पडला.”

आणि लगबगीनं पुढे जाऊन त्यानं खिशातला दुसरा बॉल मैदानाच्या मधोमध सोडला. त्यावर लटारूभाऊच्या बॉलसारखाच लाल ठिपका होता. पोरीचं नेलपॉलिश घेऊन झाडूनं रविवारी बसून असे मूठभर बॉल रंगवून ठेवले होते. पोरगी रंजीता विचारतच होती, “बाबा, तुमी काय करून राह्यले?” तो म्हणाला होता, “तुहं काम कर.”

मैदान कोण्या जुन्या साहेबानं आखलेलं. साहेब बदलून गेला, मैदान राहिलं. खेळणारे आता खाणीतलेच. इथं होलभोवती हिरवळ नसते. वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेला काळा गोल असतो, त्याला सगळे ‘काळं’च म्हणतात. एका बाजूला खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला घाणेरी, आणि घाणेरीत वाघ. रोज नाही, पण असतो. वाळूवर पंजे दिसतात. म्हणून इथं खेळणाऱ्यांचा एक नियम आहे, तो कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. घाणेरीत गेलेला बॉल शोधायला जायचं नाही. ज्याचा गेला त्यानं मोठ्यानं म्हणायचं, “वाघाले देल्ला,” एक फटका जास्तीचा मोजायचा आणि नवा बॉल घ्यायचा. कोणी बघत असो नसो, म्हणायचंच. या एका गोष्टीत आजवर कोणी खोटं केलं नव्हतं.

हिवाळ्यात एक आठवडा स्पर्धा असते. जोडीजोडीनं फिरायचं, एकमेकांचे फटके मोजायचे. लटारूभाऊ आणि झाडू ही जोडी ठरलेलीच. बिरजू कॅन्टीन चालवतो, तो रोज कॅन्टीनच्या फळ्यावर खडूनं आकडे लिहितो. शनिवारी जिंकणाऱ्याला पितळेचा गडवा. साधा तांब्याच तो, पण तो घेऊन माणूस कॉलनीतून पायी पायी घरी जातो, सायकल असली तरी.

लटारूभाऊ डंपर चालवायचा. रिटायर झाला, क्वार्टर सोडलं, तरी गावी गेला नाही. कॉलनीच्या भिंतीला लागून एक खोली घेऊन राहिला, का तर मैदान जवळ. मुलगा अजय वडशाला राइस मिलमध्ये आहे. कधीचा म्हणतोय, बाबा, आता चला. पावसाळ्यात एकदा चहा पिताना लटारूभाऊ म्हणाला होता, “ज्या दिवशी बॉल दिसनार नाई ना झाड्या, त्या दिवशी बोरा-बिस्तरा घेतो अन् वडशाले जातो. मंग इथी बसून का माशा मारू?”

झाडूनं ते ऐकून घेतलं होतं. झाडू खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर आहे. बोलणारा माणूस नाही. पंपाजवळ बोललेलं ऐकूही येत नाही, त्यामुळे सवयच गेलेली. बोलायचा तो लटारूभाऊ, आणि झाडूनं हं हं करायचं. असं कित्येक वर्षं चाललेलं. दिवाळीनंतर झाडूच्या लक्षात आलं की लटारूभाऊ समोरून येणाऱ्या माणसाला आवाज ऐकल्याशिवाय ओळखत नाही. चहाचा कप टेबलावर ठेवायच्या आधी टेबल चाचपतो.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. लटारूभाऊला तर नाहीच. बॉल रंगवले.

मंगळवार, बुधवार तसेच गेले. फळ्यावर लटारूभाऊ सगळ्यात वर. त्याच्या खाली मंजुषाबाई, कॉलनीच्या दवाखान्यातली नर्स. हिचा हात बंदुकीसारखा सरळ, पण तीसुद्धा वाघाला दोनचार बॉल देऊन चुकली होती.

गुरुवारी खेळ झाल्यावर सगळे कॅन्टीनमध्ये तर्रीपोहे खात बसले होते. बिरजू फळा पुसता पुसता म्हणाला, “लटारूभाऊ, तुमच्यापायी वाघ उपाशी मरून राह्यला ना.”

“काऊन बा?”

“काऊन म्हंजे? चार दिवसांत एक बॉल नाई देल्ला तुमी त्याले. आजपर्यंत कोनाले जमलं नाई असं. वाघ फारेस्ट ऑफिसात तक्रार कराले जानार हाय म्हन्ते.”

सगळे हसले. मंजुषाबाई म्हणाली, “त्याच्यात माह्याच बॉलवर जगून राह्यला तो.” आणखी हशा झाला.

लटारूभाऊ हसला नाही. हातातला चमचा तसाच प्लेटच्या वर राहिला. मग त्यानं तोंड झाडूकडे वळवलं. झाडू तिथं होता हे त्याला दिसत होतं की नाही, देव जाणे. झाडूनं पोहे संपवले आणि शिफ्टचं निमित्त काढून उठला.

शुक्रवारी लटारूभाऊ आला, पण बोलला नाही. एरवी पहिल्या होलपासून त्याचं डंपरपुराण सुरू व्हायचं, कुठल्या वळणावर ब्रेक गेला, कोणता साहेब कसा घाबरला. आज नुसता चालत होता. तिसऱ्या होलला घाणेरी अगदी जवळ येते. तिथं तो उभा राहिला, बॉल ठेवला. मग त्यानं पाय हळूहळू फिरवले. होल उजवीकडे राहिलं आणि तोंड पूर्ण घाणेरीकडे झालं.

“भाऊ, जरा उजवीकडे,” एवढंच म्हणायचं होतं. झाडूच्या जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं की मग सगळंच म्हणावं लागलं असतं. तो एक पाऊल मागं सरला.

काठी फिरली. बॉल सरळ झुडपांत गेला. कडेची एक टिटवी ओरडत उडाली.

“कुठी गेला, झाड्या?”

झाडूनं खिशात हात घातला. “मधात, भाऊ.”

“हं,” लटारूभाऊ म्हणाला.

झाडूनं बॉल सोडला. लटारूभाऊ चालत आला, पायानं चाचपून बॉल शोधला, मारला. बाकीचा खेळ तसाच झाला. संध्याकाळी पंपावर झाडूला पहिल्यांदा वाटलं की इथला आवाज कमी आहे, तो ‘हं’ त्यात बुडत नाही.

शनिवारी सगळे जमले. बिरजूनं गडवा चिंचेनं घासून खुर्चीवर ठेवला होता. लटारूभाऊ फळ्यापाशी जाऊन उभा राहिला.

“बिरजू, माहे पाच दिवस पूस.”

“काऊन पुसू? तुमी तं पहिले हा.”

“पूस म्हन्तो ना. पाचही दिवस वाघाले देल्ले समज.”

कोणी हसलं नाही. त्यानं कारण सांगितलं नाही, झाडूचं नावही घेतलं नाही. मंजुषाबाईनं एकदा त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा झाडूकडे. बिरजूनं फडकं फिरवलं.

“आज खेळतो,” लटारूभाऊ म्हणाला. “पन आज माह्यासंगं मंजुषाबाई फिरन. चालन का बाई?”

“चालन ना,” ती म्हणाली. “पन मी जसं हाय तसं सांगन बरं भाऊ. मले गोड बोलता येत नाई.”

“तेच पाह्यजे.”

झाडू आपल्या काठ्या तिथंच भिंतीला टेकवून मागून चालत राहिला. पुढून तिचा आवाज येत होता. गेला डावीकडे. हाही गेला. हा कमी पडला, नाल्याच्या अलीकडे हाय. हा बरा हाय. आणि थोड्या थोड्या वेळानं लटारूभाऊचा आवाज, मोठा, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा, “वाघाले देल्ला.” पहिल्यांदा म्हणताना आवाज चिरकला होता. मग मोकळा झाला. शेवटी शेवटी तर दोघं हसत होते.

गडवा मंजुषाबाईला मिळाला. ती कॉलनीतून पायी निघाली आणि बाकीचे वाजतगाजत तिच्या मागं. मैदानावर दोघंच उरले. लटारूभाऊ सिमेंटच्या बाकावर बसला. झाडू जरा अंतर ठेवून उभा.

“बस. उभा काऊन हाय?”

तो बसला.

“मी आंधरा होऊन राह्यलो, झाड्या. येडा नाई.”

“हो भाऊ.”

“डोरे गेले ते गेले. पन मैदान माहं होतं. आपला बॉल कुठी पडला हे जर दुसऱ्यानंच ठरवलं, तं मंग मी इथी काय मैदानातला बुजगावना?”

झाडू बुटाच्या टोकानं माती उकरत होता. “तू म्हनला होता, दिसलं नाई तं वडशाले जातो.”

“म्हनून?”

“म्हनून.”

लटारूभाऊनं श्वास सोडला. “बाई म्हन्ते, सोमवारी चंद्रपुरात डोऱ्याच्या डॉक्टरले दाखव. काचबिंदू असन तं गेलेलं परत येनार नाई म्हन्ते. राह्यलेलं टिकन कदाचित.” जरा थांबून तो म्हणाला, “खेळ झाल्यावर अजयले फोन केला. सांगतलं, इतक्यात येत नाई म्हनून. आज समजलं ना बावा, मारता तं येते. पाहनारा कोनी पाह्यजे फक्त.”

झाडूनं बाकावरची वाळू हातानं झटकली.

“आज कसा खेळलो मी?”

झाडूच्या तोंडात ‘मस्त’ तयारच होतं. ते त्यानं आत ढकललं.

“लय खराब,” तो म्हणाला. “इतका खराब कोनी खेळला नाई आजपर्यंत. अन् तुहा उजवा खांदा पडून राह्यला भाऊ, महिन्यापासून. त्याच्यानंच बॉल डावीकडे जाते. डोऱ्याचा त्याच्यात काई संबंध नाई.”

लटारूभाऊ मान वळवून त्याच्याकडे बघायला लागला, म्हणजे आवाजाकडे. “महिन्यापासून? अन् तू आता सांगून राह्यला?”

“आता सांगतलं.”

“मंग उद्या सकारी ये. खांदा पाहू.” त्यानं हात पुढे केला. झाडूच्या खांद्याऐवजी तो बाकाच्या पाठीवर पडला, मग सरकत खांद्यावर आला. “पन आधी सांग. जे दिसन तेच सांगशीन?”

“सांगीन,” झाडू म्हणाला. “तुले वाईट वाटलं तरी सांगीन, भाऊ. मले वाईट वाटलं तरी सांगीन.”