चार रविवार

"चार रविवार, निवृत्तीभाऊ. एक नाही, दोन नाही, चार." नूर मॅडमनी फाईल त्याच्याकडे फिरवली. "पहिल्या रविवारी मुलीला भेटलात आणि मग थेट आज उगवताय. समितीसमोर हा कागद गेला की ते काय वाचतील? वडिलांनी भेट टाळली."

निवृत्तीच्या तोंडचं पाणीच पळालं. लोणावळ्यातल्या, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात तो खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. तिकोणा पेठेहून पहिल्या जीपनं निघताना त्याला वाटलेलं, आज आपली पाठ थोपटतील. महिनाभर पोरीला बघितल्याशिवाय काढायचा म्हणजे काय गंमत आहे का?

"टाळली न्हाई मॅडम. मुद्दामच न्हाई गेलो."

"मग वेगळं काय सांगताय?"

"तसं न्हाई वो. आमची रतनकाकी म्हनली, पोर नव्या घरात गेली की माहेरच्या मानसानं लगोलग तोंड दावू नये. बघितलं की रडतीय, मन रमत न्हाई तिचं. महिनाभर जीव घट्ट कर म्हनली. म्या केला."

नूर मॅडमनी पेन खाली ठेवलं. वयानं लहान बाई, पण या खुर्चीत बसून त्यांनी बरेच बाप पाहिले होते. दारू पिऊन येणारे पाहिले, न येणारे पाहिले. पोरीला सासरी धाडल्यासारखा जीव घट्ट करून बसलेला हा पहिलाच.

निवृत्ती काही वाईट माणूस नव्हता. पवना धरणाच्या काठावर पर्यटकांचे तंबू लागतात, तिथं तो कामाला. तंबू ठोकायचे, शेकोटी लावायची, सकाळी बाटल्या गोळा करायच्या. बायको सविता दोन वर्षांमागं किडनीच्या दुखण्यात गेली. मागं राहिली सात वर्षांची पिंकी. रात्रपाळीला जाताना तिला जेवू घालून झोपवायचा आणि खोलीला बाहेरून कुलूप लावायचा. पोर सुरक्षित राहावी म्हणून. खरंच, त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण आतून रडण्याचा आवाज ऐकून कुणीतरी हेल्पलाइनला फोन केला आणि बालकल्याण समितीनं पिंकीला वराळ्याच्या शालूबाईंकडं ठेवलं. पालक कुटुंब म्हणतात त्याला. बापाची घडी बसेपर्यंत पोर दुसऱ्याच्या घरात, बस्स. गावात मात्र बोभाटा झाला की निवृत्तीनं पोरगी देऊन टाकली.

"हे सासर नाही हो," नूर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ती तिथं तुमची वाट बघते. रविवारी जमत नसेल तर मला फोन करायचा, वार बदलून मिळतो. तिची शाळा, तिचं औषधपाणी, सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बाप तुम्हीच आहात, उद्याही तुम्हीच."

"हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

"सांगितलं होतं. पण त्या दिवशी तुम्ही रडत होता, तुम्हाला काय ऐकू येणार? मीच पुन्हा सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

सरकारी कामात आपल्याला कुणी असं म्हणेल, हे निवृत्तीनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

"आणि गेल्या खेपेला ती टीव्ही बघत होती तेव्हा मागच्या दारानं निघून गेलात."

"रडंल म्हनून."

"रडू दे ना. सांगून निघा. पुन्हा कधी येणार तेही सांगा. आणि खोटं एक अक्षर बोलू नका. दिवसाच्या कामाचं काय झालं?"

"मालक म्हनतोय, मार्चनंतर बगू."

"मग मार्चपर्यंत ती तिथंच. हे तिला तुम्ही सांगायचं. मी नाही, शालूबाईंनी नाही."

वराळ्याला पोचेस्तोवर दुपार झाली. शालूबाईंचं घर जुनंच होतं, समोर मात्र दहा मजली इमारत उठत होती. पिंकी दारातच उभी होती. तिनं बापाला पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं आणि आत निघून गेली. धावत यायची ती पोर.

शालूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो नको नको करू लागला तशी म्हातारी फिसकन हसली. अंगणवाडीत पंचवीस वर्षं काढलेली बाई ती, तिला काय कळायचं राहतंय.

"लेकीच्या घरचं पानी पीत न्हाईस व्हय? अरं बाबा, लगीन लागलंय का तिचं? पी गपगुमान."

तो प्याला. शालूबाई खाली बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "चारी रविवार सकाळी आंघुळ करून, चांगला फ्राक घालून ओट्यावर बसायची बग. जेवायला सुदिक उठायची न्हाई. मी आपली म्हनायची, काम निगालं असंल. गेल्या रविवारी मला म्हनली, आज्जी, तू उगाच सांगू नगंस."

आपण महिनाभर मोठं दिव्य केल्याच्या तोऱ्यात होतो आणि इथं पोर ओट्यावर बसून झिजत होती. निवृत्तीला स्वतःचीच एवढी लाज वाटली की उठून जावं असं झालं. पण उठून जाणं त्याचं एकदा करून झालं होतं. तो बसून राहिला.

बऱ्याच वेळानं पिंकी आली. हात मागं धरून, चार हात लांब उभी राहिली.

"तू मला दिऊन टाकलंस?"

"न्हाई गं."

"मंग आला का न्हाईस?"

"चुकलं माजं. मला वाटलं, म्या आलो की तू रडशील."

"तू न्हाई आलास तरी रडले."

शालूबाई उगाच उठून चुलीकडं गेल्या.

"मंग आज नेनार?" पिंकीनं विचारलं.

"व्हय म्हन, लवकरच नेतो म्हन," असं त्याच्या मनानं दहादा सांगितलं. पण तो म्हणाला, "न्हाई. मार्चपातुर तुला हितंच ऱ्हावं लागंल. मला दिवसाचं काम मिळालं, रातीला तुज्यापाशी थांबता आलं, मंगच नेता येईल. तवर दर रविवारी येनार. न्हाईच जमलं तर आदल्या दिशी आज्जीला फोन करीन."

पिंकीचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडली. मोठ्यानं, हुंदके देत रडली. त्यानं तिला गप बस म्हटलं नाही. तिचं रडू ओसरेस्तोवर तो जागचा हलला नाही. मग तिनं नाक पुसलं आणि मागं धरलेली वही त्याच्या मांडीवर ठेवली. शाळेची डायरी होती. दर आठवड्याला एक पान, खाली एक चौकट आणि त्यावर छापलेलं, पालकाची सही.

"मी करत व्हते," शालूबाई चुलीपासून म्हणाल्या, "पन हात लावू दीना. बाई वर्गात उभी करतात, तरी न्हाई."

चार पानांवरच्या चार चौकटी कोऱ्या होत्या. पाचवी या आठवड्याची. निवृत्तीनं तिच्या कंपासमधलं पेन घेतलं आणि जपून, एकेक अक्षर जोडत पाचव्या चौकटीत आपलं नाव लिहिलं. खाली तारीख घातली.

"मागच्या पन कर ना," पिंकी त्याच्या दंडाला टेकून म्हणाली. "बाईंना न्हाई कळनार."

"त्या दिशी म्या नव्हतो गं," निवृत्ती म्हणाला, आणि पेनाचं टोपण लावून त्यानं डायरी तिच्या हातात दिली.