स्वतःची दहा वाक्यं

सोमवारी सकाळी आठ वाजता माझ्या गळ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्याआधीच्या शनिवारी मी घरापासून पाच तासांवरच्या एका शहरात, भर गर्दीत, ताटलीतल्या तळलेल्या माशाकडे बघत उभा होतो. मासाही माझ्याकडे बघत होता. दोघांनाही तिथे यायचं नव्हतं.

हा बेत माझ्या मित्राचा, कंपाउंडरचा. एका डॉक्टरकडे बावीस वर्षं गोळ्या मोजून देतोय, त्यामुळे आपण स्वतः निम्मे डॉक्टर आहोत अशी त्याची पक्की समजूत. "स्वरयंत्र काढलं की श्वास गळ्यातून," त्याने मला समजावलं होतं. "नाकाला काम नाही, म्हणजे वास नाही. वास गेला की चव गेली. तेव्हा आधी खाऊन घे बाबा." आणि खायचं तर ह्याच शहरात, कारण इथली माणसं म्हणे एका जेवणावरून उठता उठता पुढच्या जेवणाला कुठे जायचं ह्यावर भांडतात. बायकोनेही त्याचीच री ओढली. खरं तर तिलाच दोन दिवस माझ्यापासून सुट्टी हवी होती, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. महिनाभर घरात नातेवाइकांची रीघ. येणारा प्रत्येकजण माझ्यासमोर बसून रडायचा आणि मीच उठून त्याला पाणी आणून द्यायचो. मी इतका दमलो होतो, की नको म्हणायलाही अंगात जोर नव्हता.

आमच्यातला तिसरा झेरॉक्स. त्याचं बसस्थानकासमोर कागदांच्या प्रती काढून देण्याचं दुकान आहे, म्हणून सगळं गाव त्याला झेरॉक्सच म्हणतं. कंपाउंडरने दोन दिवसांत जायच्या अकरा ठिकाणांची यादी केली होती आणि झेरॉक्सने ती लॅमिनेट करून आणली होती. "रस्सा सांडला तरी पुसता येईल," तो म्हणाला. असा माणूस. बोलतो कमी, पण कुठला कागद कशाने खराब होईल ते त्याला आधी कळतं.

मी बसस्थानकातला उद्घोषक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सव्वीस वर्षं मीच सांगत आलो. गाडीचा नंबर, मग गाव, मग फलाट. गावाच्या नावाआधी श्वास घ्यायचा नाही, नाहीतर म्हातारी माणसं दचकतात. घसा बसला तेव्हा वाटलं सर्दी आहे. सर्दी नव्हती.

दवाखान्यात एक मुलगी आहे. ज्यांची वाचा जाणार त्यांना ती पुढची तयारी करून देते. तिने माझ्या मोबाइलमध्ये एक अॅप घालून दिलं आणि दीडशे वाक्यं छापलेले कागद हातात ठेवले. ही वाक्यं शांत खोलीत बसून वाचायची, म्हणजे पुढे एक यंत्र माझ्याच आवाजात माझ्यासाठी बोलेल. मला भूक नाही. पंखा कमी करा. आज बरं वाटतंय. मागे जरा खुट्ट झालं तरी अॅप लाल फुली दाखवतं आणि वाक्य परत म्हणायला लावतं. शेवटच्या दहा जागा कोऱ्या होत्या. "ही तुमची स्वतःची," ती म्हणाली होती. "घरच्यांशी, मित्रांशी जे बोलावंसं वाटतं ते. प्रेमाचं, रागाचं, काहीही."

माझ्याकडे तसं बोलायचं एकच होतं, ते झेरॉक्सशी, आणि त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

उद्घोषकाच्या त्या जागेसाठी आम्ही दोघांनी अर्ज केला होता. आवाज त्याचा चांगला होता. चांगला म्हणजे, माझ्यापेक्षा फार चांगला. शाळेत रोज सकाळी बातम्या तोच वाचायचा आणि मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा गप्प बसून ऐकायची. मुलाखतीची तारीख फलकावर लागली त्या दिवशी त्याच्या वडिलांना दवाखान्यात नेलेलं, म्हणून बघून यायला मी एकटा गेलो. बुधवार, सकाळी अकरा. संध्याकाळी त्याच्या दारात उभा राहून मी त्याला गुरुवार सांगितला. चुकून नाही, मुद्दाम. नंतर म्हटलं की त्यांनी ऐनवेळी दिवस बदलला, मला आयत्या वेळी निरोप आला. त्याने मान डोलावली. वर्षभराने त्याने समोरच दुकान टाकलं, आणि तेव्हापासून मी केलेली प्रत्येक घोषणा त्याच्या कानावर पडत आलीय.

पाप फेडावं लागतं वगैरे मी मानत नाही. गळ्यातली गाठ ही गाठ आहे. पण हे त्याला सांगायचं तर तोंडाने सांगायचं, चिठ्ठी लिहून नाही, एवढं मी ठरवलं होतं. आणि तोंड सोमवारपर्यंतच होतं.

तर शनिवार. सकाळी न्याहारीला कंपाउंडर हात धुवायला गेला तेव्हा मी म्हटलं, "ऐक ना, मला एक बोलायचंय." झेरॉक्सने मान वर केली. त्याचं तोंड पावाने भरलं होतं. तेवढ्यात वेटरने आमच्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडे अशी आरोळी ठोकली की माझी हिंमत जागच्या जागी बसली. आरोळी वाईटच होती. मध्येच श्वास तोडला होता त्याने. दुपारी बाजाराच्या गल्लीत परत प्रयत्न केला. दोन्ही बाजूंना तवे, कढया, धूर, माणसांची रेटारेटी, आणि प्रत्येक दुकानाला आपापला स्पीकर. मी झेरॉक्सचा दंड धरला. तो वाकून कान जवळ आणून म्हणाला, "दुखतंय का? बसूया का कुठे?" आता असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगणार? "नाही, चल," मी म्हटलं.

कंपाउंडर प्रत्येक ठिकाणी माझ्या ताटात पहिला घास ठेवायचा आणि डोळे विस्फारून बघत बसायचा. "कसंय?" मी गिळायचो. गिळताना कानापर्यंत कळ जायची. "छान," मी म्हणायचो. संध्याकाळपर्यंत सहा ठिकाणं झाली आणि मी सहा वेळा छान म्हणालो. मग यादीत नसलेल्या एका सूपवाल्या बाईकडे गेलो तर तिने माझ्याकडे एकदा बघितलं, न विचारता वाटी थंड करून आणली आणि चमचा हातात दिला. तेवढं मात्र खरंच छान होतं. तिला ते सांगायचं राहून गेलं.

हॉटेलच्या खोलीत तीन खाटा. कंपाउंडर आडवा झाला की घोरतो, आणि भिंतीपलीकडे कुणाची तरी पार्टी चाललेली. म्हणजे शनिवार गेला.

रविवारी सकाळी नऊला मी सरळ सांगून टाकलं, की आता पायात त्राण नाही. कंपाउंडरचा चेहरा पडला. यादीतलं सातवं ठिकाण सगळ्यात नावाजलेलं होतं, तिथे दोन-दोन तास रांग लागते. "मी जाऊन नंबर लावतो," तो म्हणाला. "तुम्ही अकराला या. पण या हां, नाहीतर मी एकटाच तिघांचं खाईन." तो हे दटावून म्हणाला, पण जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो जरा जास्तच वेळ ठेवला. मला गलबलून आलं. इतका चांगला मित्र, आणि तो गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटत होतं.

"वाक्यं किती राहिलीत?" दार लागल्यावर झेरॉक्सने विचारलं.

"एकशे दहा."

"आण इकडे. उरकून टाकू."

खोलीत रस्त्याचा आवाज येत होता म्हणून त्याने न्हाणीघर निवडलं. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. खिडकीवर रजई टांगली. नळ टपकत होता, तर तोटीला रुमाल बांधून त्याचं टोक खाली सोडलं, म्हणजे पाणी आवाज न करता ओघळेल. मला स्टुलावर बसवलं, स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसला. कागद चारी बाजूंनी ठोकून सारखे केले, अंगठा जिभेला लावला आणि पहिलं पान वर घेतलं. दुकानात करतो तसंच सगळं.

मी वाचत गेलो. दार लावून घ्या. डॉक्टरांना बोलवा. नाही, मी चिडलेलो नाही. ह्या वाक्याला तीनदा लाल फुली आली. "यंत्राला पटत नाहीये," झेरॉक्स म्हणाला आणि मला हसू आलं, आणि हसताना कळ आली. दर वीस वाक्यांनी तो मला घोटभर पाणी द्यायचा. त्याच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा टरारून वर आल्या होत्या, इतकी वर्षं उभ्याने काम. पाय अवघडले तरी तो हलला नाही, कारण हलला की बादली करकरायची.

दहा वाजून गेले तेव्हा छापील वाक्यं संपली. माझा आवाज आता अगदी खरवडल्यासारखा येत होता.

"तुझी बोल आता," तो म्हणाला. "दहा."

लेकीसाठी म्हटलं, "चिमणे, जेवलीस का?" बायकोसाठी म्हटलं, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" कंपाउंडरसाठी एक शिवी म्हटली. ती पहिल्या फटक्यात आली. मग थांबलो.

"चौथं," झेरॉक्सने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

मी त्याच्याकडे बघत बोललो. "मुलाखत बुधवारी होती. मी तुला मुद्दाम गुरुवार सांगितला."

तो स्क्रीनकडे बघत होता. त्याने बोटाने थांबवलं. फुली नव्हती, मला दिसत होतं. तरी त्याने मोबाइल कानाला लावून ते वाक्य ऐकलं. मग आणखी एकदा ऐकलं.

"मध्ये काहीतरी वाजलंय," तो म्हणाला. "परत बोल."

काही वाजलं नव्हतं. मी परत बोललो. पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

"परत."

तिसऱ्यांदा बोललो तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही हात उचलत नव्हता. ह्यावेळी त्याने थांबवलं नाही. स्क्रीनवरचे सेकंद पुढे जात राहिले.

"भावोजींची पँट घालून गेलो होतो मी," तो म्हणाला. "कमरेला सैल होती, आईने आतून टाचून दिलेली. तिथला शिपाई म्हणाला, काल या. सगळे हसले. मीही हसलो."

मी चुकलो म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून गप्प केलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडी आदळत होतं, ते रजईतूनही ऐकू आलं. त्याला राग आलाय का तेही मला कळेना. तो फक्त दमलेला दिसत होता, माझ्याइतकाच.

मग त्याने पुन्हा नवीन रेकॉर्डिंग सुरू केलं.

"नाव घेऊन बोल," तो म्हणाला. "कुणाला सांगितलंस, ते येऊ दे त्यात. झेरॉक्स नाही. माझं नाव."

त्याचं नाव. ते मी शेवटचं कधी घेतलं होतं, आठवेना. फलकावरच्या मुलाखतीच्या यादीत आमची दोघांची नावं एकाखाली एक होती. श्वास आधीच भरून घेतला, आणि त्याचं नाव घेतलं, आडनावासकट, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं स्वच्छ. मग पुढचं सगळं.

तो ऐकत राहिला. सव्वीस वर्षांत माझा आवाज त्याने इतक्या जवळून कधी ऐकला नसेल.

"आलं," तो म्हणाला, आणि ठेवायचं का पुसायचं हे मला न विचारता त्याने मोबाइल स्वतःच्या खिशात घातला.