कुठं विचारू नये

सूर्यभान मास्तर नायजेरियाला जाणार, ही बातमी चुडाव्यात पसरवली ती त्याच्या आईनं, दगडाबाईनं. आणीबाणी उठली त्या साली. पिठाच्या गिरणीत डबा खाली ठेवला आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सांगून टाकलं, "आमचा सूर्यभान नायजेऱ्याला जायलाय. शिकवायला."

"हे कुठं आलं म्हणायचं, परभणीच्या पल्याड का?" रेल्वेतून रिटायर झालेला आश्रुबा पॉइंटमन म्हणाला.

"परभणीच्या पल्याड तर तुझी सासुरवाडी बी हाय. ईमानानं जावं लागतंय तिथं."

खरं म्हणजे सूर्यभाननं अजून हो म्हटलं नव्हतं. मुंबईला मुलाखत होती, तिथं काळ्या साहेबांपुढं बसायचं, त्यांनी निवडलं तर कागदावर सही करायची आणि तीन वर्षं तिकडंच. दगडाबाईनं आधीच गावभर केलं, कारण तिला स्वतःची भीती होती. गावाला सांगून टाकलं म्हणजे आपल्याला त्याला थांबवता येणार नाही, असा तिचा हिशेब. ती बोललेला शब्द कधी मागं घेत नसे. नवरा बन्सीधर गँगमन होता, तो गेल्यावर खडी वाहून तिनं या पोराला बी.एस्सी. केलं. ती 'थांब' म्हणणारी बाई नव्हती.

सूर्यभान मात्र मधेच लोंबकळत होता. हायस्कूलात दहावीला नवं गणित आलेलं, आणि ते ज्याच्या डोक्यात उतरलंय असा शाळेत तो एकटाच. शाळा सुटल्यावर वस्तीतल्या पोरी त्याच्या अंगणात यायच्या. दगडाबाईच्या सुपात तो ज्वारी आणि हरभरा मांडून संच शिकवायचा, आणि ती म्हणायची, "शिकवून झालं की निवडून ठेवा मेल्यांनो, मला दळण टाकायचंय." हेडमास्तर म्हणाले होते, तुम्ही गेलात तर गणित पीटीच्या सरांकडं देतो, दुसरा माणूस नाही. तेव्हापासून सूर्यभानला जेवण गोड लागत नव्हतं.

"माय, तू काय म्हणतीस?" तो विचारायचा.

"मी काय म्हणायचं बाबा? मी तिसरीतून उठवलेली बाई."

दुसऱ्याच्या घरच्या वरणात मीठ किती पाहिजे इथपर्यंत जिला मत होतं, ती एवढ्याच बाबतीत अडाणी झाली.

बायकोचं, कुसुमचं, मन ठरलेलं होतं. मोंढ्याकडच्या आळीत घर बघायला गेले तेव्हा मालकानं आधी आडनाव विचारलं होतं आणि मग घर पडकं असल्याचं सांगितलं होतं. ते ती विसरली नव्हती. "तिथं आपलं आडनाव कुणाला उलगडणार न्हाई," ती म्हणायची. तिनं बॅग भरली, भाकरी बांधल्या, कोट झटकून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी शेजारपाजार दारात जमला. पॅसेंजरनं पूर्णा, पूर्ण्याहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून मुंबई. आता निघणाऱ्या माणसाला कुठं असं विचारत नाहीत, ही आपल्याकडची रीत. विचारलं की काम फिसकटतं. मग त्यानं परत बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं उठायचं. म्हणून जो येई तो जपून विचारी, "लांब का, मास्तर?" आणि सूर्यभान म्हणे, "हो, लांब."

त्यानं बुटाची नाडी बांधली. बॅग उचलली. उंबऱ्याबाहेर पाय टाकला. दगडाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"सूर्यभान," ती म्हणाली, "कुठं चाललास रे?"

आश्रुबानं तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"आत्याबाई," कुसुम हळू म्हणाली, "असं इचारत असत्यात का?"

सूर्यभाननं बॅग खाली ठेवली. आत आला, पाट ओढून बसला. "पाणी दे," म्हणाला. कुसुमनं तांब्या दिला. तो प्याला. मग म्हणाला, "अजून दे."

लिंबगावकडून शिट्टी आली. "सिग्नल पडला, मास्तर," आश्रुबा म्हणाला. सूर्यभान तांब्यात बघत राहिला. गाडी आली, उभी राहिली, निघाली. पुलावरचा आवाज विरेपर्यंत तो तसाच बसून होता. मग शेजारपाजार एकेक करून पांगला.

दगडाबाईनं सूप बाजूला सारलं.

"उठला का न्हाईस?"

"तूच 'कुठं' म्हणलीस, माय."

"आन तू हे कवापासून मानायला लागलास? दीक्षा घेतली तवा सगळे देव टोपल्यात घालून नदीला सोडले. टोपल्याला एका बाजूनं तुझा हात होता. बारकाला होतास, पर होतास. तवा न्हाई भ्यालास, आन माझ्या एका शब्दाला भ्यालास व्हय?"

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"माझी जीभ घसरली," दगडाबाई म्हणाली. घसरली की घसरवली, हे तिचं तिलाच ठाऊक; ती मरेपर्यंत घसरली असंच म्हणाली. "पर तू शकुनाच्या पदराआड लपायचं न्हाई. उद्या गाव म्हणल, मायनं अडवलं. मी कुणाला अडवलेलं न्हाई. एष्टी आता यील. मनमाडची गाडी पूर्ण्याला लय येळ उभी राहती, अजून गाठता यील. जायचं तर ऊठ. राहायचं तर तोंडानं म्हण."

सूर्यभाननं बायकोकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नका," कुसुम म्हणाली. "भरलेली बॅग उलटी करायला मला येळ लागत न्हाई. पर एकदाच करीन. परत भरणार न्हाई."

सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला. सूर्यभान उठला. दोघींना वाटलं, निघाला. तो दारापर्यंत गेला, चौकटीला हात लावून उभा राहिला. एसटी थांबली, कंडक्टरनं घंटी मारली, धूळ उडाली.

"मी जात न्हाई," तो म्हणाला.

"माझ्याकडं तोंड करून बोल."

तो वळला. "मी जात न्हाई, माय. त्या पोरींपुढं पीटीचा मास्तर खडू घेऊन उभा हाय, हे माझ्यानं बघवत न्हाई. तिकडं गेलो तरी तेच बघत बसंन."

"हे तुला महिन्याआधी म्हणता आलं असतं. मी गावभर सांगून बसले."

"तू कुठं इचारलंस?"

दगडाबाई म्हणाली, "कोट काढ. कोट घालून कोण शाळंत जातंय?"

त्यानं कोट खुंटीला लावला आणि निघाला. वाटेत पारावर आश्रुबा भेटला.

"चुकली का गाडी, मास्तर?"

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "सोडली."

घरात कुसुमनं बॅग पलंगावर पालथी केली. सदरे, टॉवेल, दाढीचं सामान, आणि तळाशी तिची स्वतःची एक नवी साडी, जी मुलाखतीच्या बॅगेत असायचं काही कारण नव्हतं. घडी न मोडता ती तिनं ट्रंकेत ठेवली.

"मला जायचं होतं, आत्याबाई," ती म्हणाली.

"ठाव हाय मला," दगडाबाई म्हणाली.