दारावरचा नाल माझा आहे

मी एक म्हातारी काळी घोडी आहे. मित्रांनो, तुमच्या घराच्या चौकटीवर घोड्याचा नाल ठोकलेला असेल, तर जरा मान वर करून बघा. कदाचित तो माझाच असेल.

माझं नाव काजळ. उमेदीची वर्षं मी खुलताबादला टांग्याला होते. दर्ग्याला आलेली माणसं घ्यायची, घाट उतरून वेरूळला सोडायची, पुन्हा घाट चढायचा. मालक म्हणायचा, अशी घोडी नशिबानं मिळते. मग रिक्षा वाढल्या, माझा एक पाय लंगडू लागला, आणि त्या नशीबवान माणसानं मला एके सकाळी रस्त्याच्या कडेला सोडून दिलं. जाताना गळ्यातला दोर मात्र आठवणीनं सोडून नेला.

तिथून मला रत्नमालाताईंनी उचललं. शहराबाहेर त्यांनी जखमी जनावरांसाठी आसरा चालवला आहे. त्यांनी माझा पाय बरा केला. पण तिथं जागा अपुरी, म्हणून वेरूळजवळच्या शेतावर राहणारे शिवराज मला मागायला आले, तेव्हा ताईंनी होकार दिला. देताना बजावलं, हिला जुंपायचं नाही, पळवायचं नाही, खूर वेळच्या वेळी कापून घ्यायचे आणि नाल अजिबात मारायचा नाही. खूर पातळ झालेत, खिळे सोसणार नाहीत. काही अडलं तर आधी फोन करा. शिवराज प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणाले. व्हय म्हणायला काय लागतं?

शिवराजांची आई आवडाबाई म्हणजे मायेचं माणूस. येता-जाता माझ्या कपाळावरून हात फिरवायची. तिच्या दावणीला जन्मभर बैल होते, आणि खुरांना लोखंडी पत्री मारल्याशिवाय तिनं बैल कधी सडकेवर काढला नव्हता. माझे उघडे पाय तिला बघवेनात.

“लेकराला अनवाणी कसं ठिवावं?” म्हणाली, आणि नालबंदाला बोलावणं गेलं. खिळे ठोकताना मला कळ आली. पण खोटं कशाला बोलू, माझ्या पायांची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती. मी मनातून सुखावले होते.

पुढं एक नाल आपसूक निसटला. आवडाबाईनं तो बजाजनगरला राहणाऱ्या लेकीला, दीपमालाला दिला. जावयाची नोकरी तेव्हा तळ्यात-मळ्यात होती. नाल दारावर ठोकला आणि थोड्याच दिवसांत जावई कंपनीत कायम झाले. इतकी वर्षं ते घाम गाळत होते, त्याचं कुणी नाव काढलं नाही. सगळं श्रेय माझ्या नालाला.

मग काय, रांगच लागली. भावकीतल्या काकासाहेबांना साडेसाती होती. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. बाजारातला कोरा नाल चालत नाही म्हणे, काळ्या घोड्यानं पळून झिजवलेलाच लागतो. म्हणून नालबंद यायचा, नवा नाल मारायचा, शिवराज मला डांबरी रस्त्यावर पळवायचे आणि झिजला की उपटायचे. पुन्हा नवा नाल, पुन्हा तेच. मित्रांनो, त्यांनी कुणाकडून रुपया घेतला नाही. सगळं आपुलकीपोटी. दुष्ट माणसाला लाथ तरी मारता येते हो, यांना काय मारू?

भोकं पडून पडून माझे खूर भाजलेल्या पापडासारखे तुटायला लागले. मला पाऊल टाकवेना. मग उभं राहवेना. आवडाबाई म्हणाली, दृष्ट लागली. तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. ताईंना फोन करायला शिवराज लाजले. कबूल काय केलं होतं आणि केलं काय, ते कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटी काल ताई आपणहून बघायला आल्या. माझा पाय हातात घेऊन त्यांनी खूर चहूबाजूंनी दाबून पाहिला.

“मावशी, खूर संपलेत हिचे,” त्या म्हणाल्या. “आतलं हाड खाली सरकलंय.”

“मंग औषीद?”

“दुखणं कमी करायचं देते. उद्या डॉक्टरांना आणते. ते म्हणाले, तर इंजेक्शन देऊन हिला जाऊ द्यावं लागेल.”

ताई गेल्यावर आवडाबाई माझ्या मानेला धरून रडली. माझ्या एका मागच्या पायाला अजून नाल होता. तिचं लक्ष त्याच्यावर गेलं आणि तिनं डोळे पुसले.

“शिवराज, पक्कड आण. साऱ्या गावाचं भलं केलं हिनं, अन् हिच्याच दाराला कुणी नाल ठोकला नाय.”

मला पाय आखडता आला असता. पण तिच्या हातातून तो ओढून घ्यावा असं वाटेना. नाल निघाला, त्याच्यासोबत खुराचा तुकडाही निघाला.

मित्रांनो, मोडलेलं जनावर घरी आणाल, तर आणायच्या आधी त्याला काय सोसतं ते विचारा, आणि आणल्यावरही विचारत राहा. चुकलात तर लाजू नका, तेव्हाच फोन करा. नुसत्या मायेवर विसंबू नका. मला मायेनंच इथवर आणलं.

बाहेर डॉक्टरांची गाडी थांबल्याचा आवाज आला आहे. माझ्या गोठ्याच्या चौकटीवर आता माझा नाल आहे. आवडाबाई त्याला हळदकुंकू लावून हात जोडून उभी आहे, माझ्याकडे पाठ करून.