दहावा कधी

आमच्याकडे सुतक लागतं ते बातमी कळल्यावर. कळलं नाही तोवर घरातला देव सुखाने बसू शकतो. गणपतीच्या दिवसांत ही सोय घराघरांत ठाऊक असते. कुणी गेलं, तर ज्यांच्याकडे गणपती बसलाय त्यांना सोडून सगळ्यांना फोन जातात. माझ्या माहेरी आत्या गेल्याचं आईला विसर्जनानंतर सांगितलं, तेव्हा आई आधी रडली आणि मग सांगणाऱ्यांचे तिने आभार मानले. हसू नका. मी याच घरांत वाढले आहे.

म्हणून माझा धाकटा दीर नंदू निघताना दारात म्हणाला, "वहिनी, विसर्जनापर्यंत काही झालं तरी कळवू नका हं," तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, "नाही कळवत. तू निर्धास्त राहा."

हे चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातलं. नंदू मुलुंडहून घाटकोपरला आमच्या घरी दादाला भेटायला आला होता. दादा म्हणजे माझे यजमान, सीताराम. त्यांचं यकृत संपलं होतं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्या दिवशी हे उशीला टेकून बसले होते, चहा मागून घेतला होता आणि नंदूला झापत होते. कुळाचा गणपती मुलुंडला बसतो, कारण घर त्याचं मोठं. पण मूर्तीची प्रतिष्ठा दरवर्षी हेच करायचे, थोरले म्हणून. यंदा प्रथमच ते नंदूकडे आलं होतं.

"मंत्र भराभर म्हणू नकोस. देव आहे तो, त्याला गाडी पकडायची नाही."

"दादा, तू बरा हो आणि पुढच्या वर्षी तूच म्हण."

यावर दोघंही हसले. मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला हसणं जमेना.

नंदू वाईट माणूस नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौथीत होता, त्याच्या शाळेच्या चड्डीची बटणं मीच लावायची. यंदा त्याच्या लेकीला, गार्गीला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दिवस राहिले होते. तो नवस बोलला होता: गौरी-गणपती काही विघ्न न येता पार पडले, की नातवंड सुखरूप घरी येईल. नवस बोलल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुठे मांजर आडवं गेलं तरी तो घाबरायचा. त्यात हा आजारी भाऊ. मी त्याच्या जागी असते तर मीसुद्धा घाबरले असते.

चतुर्थीला, शनिवारी, यांची तब्येत एकदम ढासळली. दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि जिन्यात मला म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवून घ्या. मी आत आले तर हे छताकडे बघत होते. म्हणाले, "नंदूला बोलाव गं. एकदा बघू दे त्याला."

मी फोन लावला. वाजला, वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला तर बंद. मग कुंदाला, म्हणजे नंदूच्या बायकोला लावला. तिने उचलला आणि मी "अगं" म्हणायच्या आत ती ओरडली, "वहिनी, पाया पडते तुमच्या, काही सांगू नका! आत्ताच मूर्ती बसली आहे!" आणि तिनेही बंद केला. मी नंदूला मेसेज टाकला: हे जिवंत आहेत, फक्त भेटायला बोलावतात. एकच टिक आली. ती शेवटपर्यंत एकच राहिली.

मला आधी हसूच आलं. मग अंगाची लाहीलाही झाली. अरे, मी मेल्याचा फोन करणारच नव्हते! तो तर मी करणार नाही असा शब्द दिला होता. मी जिवंत माणसाचा फोन करत होते. पण ज्याने मरणाची बातमी ऐकायचीच नाही असं ठरवलं, त्याला माझा प्रत्येक फोन मरणाचाच वाटणार, हे शब्द देताना माझ्या डोक्यात कसं नाही आलं?

स्वतः जावं, तर यांना सोडून जाता येत नव्हतं. आम्हाला मूल नाही. गार्गीला नाशिकला कळवावं, असं क्षणभर मनात आलं. पण पोटुश्या पोरीला काय सांगायचं, की तुझा बाप तुझ्यासाठीच फोन उचलत नाही? राहिलं तसंच.

रविवार असाच गेला. हे मध्येच डोळे उघडून दाराकडे बघायचे. विचारायचे काही नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं, खोटं का होईना.

सोमवारी समोरच्या संघमित्राने स्वतःहून विचारलं. ती बँकेत आहे, तिचे वडील आणि हे एकाच कंपनीत होते, त्यामुळे येणंजाणं जुनं. "शकुताई, मी जाऊन येते ना मुलुंडला. समोरासमोर सांगते. त्यात काय!"

ती गेली आणि दोन तासांत परत आली. हातात स्टीलचा छोटा डबा होता. चपला काढता काढताच ती बोलायला लागली.

"दार तुमच्या जाऊबाईंनी उघडलं. मी म्हटलं, घाटकोपरहून आले, सीतारामकाकांचं... एवढंच बोलले. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले! मी म्हणतेय, अहो, काका आहेत, आहेत! तर त्या मान हलवून नको नको करतायत. आतून टाळ्या सुरू झाल्या, आरती. अवेळी. कोणीतरी मुद्दाम जोरात म्हणत होतं. मग त्यांनी हा डबा माझ्या हातात दिला, हात जोडले आणि दार लावलं. रडत होत्या हो त्या." तिने डबा ओट्यावर ठेवला. "मेल्याची बातमी नको हे मी समजू शकते. पण शकुताई, जिवंत माणसाची बातमी ऐकायला काय हरकत होती?"

ती रागाने विचारत नव्हती, खरंच विचारत होती.

त्या दुपारी मी देवापुढे बसले आणि भांडले. मी भांडते देवाशी. माझ्या सासूला ते आवडायचं नाही, पण मला वाटतं की ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्याजवळ काही मागताही येत नाही. मी म्हटलं, तूसुद्धा एकदा दारात उभा होतास. आईने सांगितलं, कुणाला आत सोडू नकोस, आणि तू नाही सोडलंस. समोर बाप उभा आहे हे पाहिलं नाहीस. तुझा नेम खरा होता आणि बापाचा रागही खरा होता, आणि त्यात तुझं डोकं गेलं. तुझ्या आईने मग आकांत केला, तेव्हा तुला परत उठवलं. तुला कळायला हवं होतं ना दारातलं हे सगळं? मग तुझ्याच मखरासमोर बसून माझा दीर कान झाकतो आणि तू गप्प कसा? तुला काय विटाळ होणार होता एका भावाने दुसऱ्या भावाला शेवटचं पाहिलं तर?

पण एक खरं सांगते, मला त्याचा राग आला तरी तो नाही असं वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर फार सोपं झालं असतं. मला वाटलं, तोही तिकडे मुलुंडला आरतीच्या गलक्यात अडकून बसला असेल आणि त्याचंही कुणी ऐकत नसेल.

डबा उघडला तर उकडीचे मोदक होते. कुंदाचा हात सुरेख आहे, कळ्या अगदी नाजूक. यांना गेले दोन दिवस पाण्याशिवाय काही जात नव्हतं. मी कणभर सारण बोटाने जिभेवर ठेवलं.

"मुलुंडचा?" यांनी विचारलं.

"हो. नंदूने पाठवला."

पाठवला नव्हता. पण हे बराच वेळ ते सारण जिभेवर घोळवत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे प्रतिष्ठा नीट झाली."

माझा बांध फुटला. काय झालं ते सगळं मी सांगून टाकलं, फोन, कुंदाचे कान, अवेळची आरती. वाटलं, निदान चिडतील तरी. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "घाबरलाय गं तो. लहानपणी वीज कडाडली की असाच कान झाकायचा. माझ्या कुशीत शिरून." पुन्हा दम घेतला. "आता फोन करू नकोस. आणि नंतर त्याला सांग, मी चतुर्थीलाच गेलो. पहिल्या फोनाच्या आधीच. म्हणजे त्याला वाटेल, येऊनही काही झालं नसतं."

"मी खोटं बोलू? तुमच्या मरणाबद्दल?"

"बोल. माझ्या अंगावर टाक ते."

मी मोबाईल घेतला आणि एकच टिक असलेला तो मेसेज पुसून टाकला.

बुधवारी, गौरी जेवतात त्या दिवशी, सकाळी हे गेले. मी शेजारीच होते. दाराकडे तोंड करून गेले, एवढंच सांगते. अग्नी धाकट्या भावाने द्यायचा, तो मी दिला. संघमित्रा आणि बिल्डिंगमधले चारजण होते. नातेवाइकांना मीच बजावलं, मुलुंडला कळता कामा नये. दिलेला शब्द मी पाळला, त्याचा आता मला अभिमान वाटत नाही.

गुरुवारी गौरी-गणपती बोळवले. शुक्रवारी सकाळी बेल वाजली. नंदू दारात उभा होता, अंगावर नवा सदरा, हातात नारळाच्या प्रसादाची पिशवी. चेहऱ्यावर परीक्षा सुटलेल्या पोरासारखा सुटकेचा आनंद होता. "वहिनी, सगळं निर्विघ्न पार पडलं! दादा कसा..." आणि त्याला कोपऱ्यातला दिवा दिसला. दक्षिणेकडे वात केलेला, खाली पिठाचं ताट.

पिशवी त्याच्या हातातच राहिली. तो भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. राग होता माझ्या पोटात, पण तो बाहेर येईना. समोर पन्नाशी उलटलेला माणूस नव्हता, चौथीतला नंदू होता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "कधी?"

यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "चतुर्थीलाच. दुपारी."

त्याने डोळे पुसले. आणि मी पाहिलं, त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. "म्हणजे तो फोन... म्हणजे येऊनसुद्धा भेट झाली नसती."

"नाही, झाली नसती."

"मला वाटलंच होतं. कुंदालाही मी तेच म्हटलं." त्याने नाक ओढलं. तो सावरत होता. खोट्याने एवढं बरं वाटतं माणसाला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मनात म्हटलं, जाऊ दे, हाच धर्म असेल. मग तो उठून बसला. "अग्नी मला देता आला नाही. पण पिंड मीच देणार. बाणगंगेवर. दहावा..." त्याने बोटं मोजली. "शनिवारपासून धरला तर सोमवारी. मी आत्ताच गुरुजींना फोन करतो."

त्याने खिशातून मोबाईल काढला. आता तो चालू होता.

मी त्या फोनकडे बघत होते. सोमवारी नंदू बाणगंगेच्या तळ्याकाठी हात जोडून पिंड ठेवेल, नावगोत्र घेईल, आणि ते घास खायला हे तिथे नसतील. यांचा दहावा सोमवारी नाहीच. जिवंतपणी यांनी दाराकडे बघत चार दिवस काढले. आता मेल्यावरही चुकीच्या दिवशी बोलावून यांना उपाशी ठेवायचं? यांनी सांगितलेलं खोटं मी यांच्यासाठी बोलू शकत होते. पण पिंड? मी नास्तिक असते तर सोमवार काय आणि शुक्रवार काय. मी नाही.

"नंदू," मी म्हटलं, "सोमवारी नाही. दहावा पुढच्या शुक्रवारी आहे."

"नाही वहिनी, तुम्ही चुकताय. शनिवार, रविवार..."

"पुढच्या शुक्रवारी."

त्याने पुन्हा बोटं मोजायला सुरुवात केली, या वेळी उलटी, शुक्रवारपासून मागे. ओठ हलत होते. एकेक बोट मिटत बुधवारपाशी आला आणि अंगठा तिथेच टेकवून थांबला.

"सोमवारी ती बाई आली होती," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा दादा..."

नंदूने मोबाईल जमिनीवर ठेवला आणि हळूहळू दोन्ही हात उचलून कानांवर ठेवले.