बघण्याच्या दिवसाचं घड्याळ

चिंचवडच्या मारुतरावांना घड्याळांचा नाद होता, आणि नाद म्हणजे साधासुधा नव्हे! पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला, त्यात त्यांचं माळरान गेलं आणि हातात पैसा खुळखुळू लागला. दुसऱ्या कुणी ट्रक घेतला असता. यांनी घड्याळं घेतली, तीही कंपनीची नव्हेत. स्वित्झर्लंडातल्या कुठल्याशा खेड्यात एक म्हातारा कारागीर एकटाच बसून घड्याळं घडवायचा. वर्षाकाठी चार-पाचच, आणि एकासारखं दुसरं नाही. पुण्याच्या लष्कर भागातला एक पारशी दुकानदार ती मागवून द्यायचा. रोज न्याहारीआधी मारुतराव सगळ्यांना चावी देत, एक मनगटावर बांधत आणि बाकीची कानाशी धरून ऐकत बसत. "एवढा वेळ कधी माझं ऐकलं असतंत तर!" असं रुक्मिणीबाई म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. हौस ज्याची त्याला. पण पंचक्रोशीत एक रीत पडून गेली होती. मुलगी बघायला जायचं ठरलं की मुलाकडची माणसं मारुतरावांच्या ओसरीवर घड्याळ मागायला हजर! मनगटावर तसलं घड्याळ दिसलं की मुलीकडच्यांना वाटायचं, मुलगा कारखान्यात कायम झाला. मारुतरावांना त्यात भारी मोठेपणा वाटे. मागेल त्याला ते घड्याळ देत, काम झालं की ते परत येई, आणि कुणाला दिलं होतं ते मारुतराव विसरून जात.

एके दिवशी त्यांचे जुने दोस्त भिमाजी आले.

"मारुतराव, ते निळ्या काट्यांचं द्या राव. दिघीच्या पाव्हण्याचं पोरगं हाय, पोरगी बघाया चाललंय."

"कामाला कुठं हाय?"

"रोजंदारीवर हाय अजून. कायम हाय म्हणून सांगायचं. घड्याळ बघितल्यावर कोण इचारतंय?"

मारुतराव खो खो हसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. कुठल्या गावची मुलगी, कुणाची, हे ना भिमाजींनी सांगितलं, ना यांनी विचारलं.

भिमाजी गेल्यावर रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तुमी घड्याळ न्हाई दिलं. खोटी साक्ष दिली."

"अगं, लग्नात थोडंफार चालतंच. पुढं दोघं बघून घेत्यात."

"दोघं न्हाई बघून घेत. पोरगी एकटी बघून घेती. चूल पेटवायची तिला असती."

मारुतराव पानाचा डबा ओढून पान लावत बसले.

रविवारी आकुर्डीहून त्यांच्या विधवा बहिणीचा, अंबूबाईचा, सांगावा आला. तिच्या सुंदराला बघायला पाहुणे येणार होते. "दादा, हिचा बाप असता तर त्यानं चौकशी केली असती. आता तूच बापाच्या जागी."

मारुतराव ऐटीत गेले. पाहुणे सतरंजीवर बसले. पोह्यांच्या बशा आल्या. मुलानं बशी घ्यायला हात पुढं केला आणि मारुतरावांनी आपली बशी खाली ठेवली. निळे काटे! सहाच्या जागी चिमुकला सेकंदकाटा! अरे देवा, हे तर आपलंच!

आत दाराशी बायका कुजबुजत होत्या. "घड्याळ बघ की गं! कायमच असणार."

मारुतरावांनी कसंबसं विचारलं, "कामाला कुठं असता?"

मुलानं मान खाली घातली. बापच बोलला, "कारखान्यात. कायम. दिसतंयच की!" आणि त्यानं पोराचा हात पुढं ओढून दाखवला.

अंबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, तुला पसंत हाय ना? तुझ्या शब्दावर हाय सगळं."

काय करावं माणसानं! बोलावं तर चारचौघांत आपलीच अब्रू जाते, गप्प बसावं तर बापावेगळी पोर फसते. सुंदरा चहाचं तबक धरून उभी होती. तिच्याकडं बघवेना, तेव्हा ते बोलले.

"अंबे, ते घड्याळ माझं हाय. मीच दिलंय. पोरगं रोजंदारीवर हाय, आणि मला ते ठावं होतं."

मुलाचा बाप ताडकन उठला. "देणाऱ्याला लाज न्हाई वाटली, मग घेणाऱ्यानं का लाजायचं?" मुलानं मात्र घड्याळ काढून सतरंजीवर ठेवलं. "मावशी, चुकलो," एवढंच म्हणाला आणि बापामागून निघून गेला.

सुटली पोर! मारुतरावांनी श्वास सोडला. तेवढ्यात शेजारच्या शालनबाई आतून आल्या. त्यांनी ते घड्याळ उचललं आणि बराच वेळ निरखलं.

"बघण्याच्या दिवशी आमच्या जावयाच्या हातात हेच होतं. लग्नानंतर दिसलं न्हाई. इचारलं तर म्हणाला, हरवलं. कायमची नोकरी पण खोटीच निघाली. माझी लेक आता रस्त्याच्या कामावर खडी फोडती." त्यांचा आवाज चढला. "आज भाचीसाठी त्वांड उघडलंत. माझ्या लेकीच्या टायमाला का न्हाई उघडलं?"

मारुतरावांनी आठवून पाहिलं. कधी दिलं, कुणाला दिलं, काही म्हणजे काही आठवेना.

"आता काय करू सांगा!" शालनबाईंनी विचारलं. "तिला माघारी आणू? आणून कुणाच्या जिवावर ठेवू?"

त्या दिवसापासून मारुतरावांनी घड्याळ कुणाला दिलं नाही, का देत नाही तेही तोंडावर सांगितलं. शालनबाईंच्या जावयाला कामाला चिकटवावं म्हणून कारखान्याच्या फाटकावर खेपा घातल्या. पण तिथं यांना कोण विचारतो! जागा नाही, म्हणून सांगत.

वाचकहो, सोयरिकीला जाताना आपणही हौसेनं दुसऱ्याला कोट देतो, सायकल देतो, अंगठी देतो, आणि त्याला मदत म्हणतो. ती मदत नव्हे! ती कुणाच्या तरी लेकीची फसवणूक आहे. द्यायच्या आधी एकदा विचारा, मुलगी कुणाची? आणि ती आपली नसली तरीही नाही म्हणा. मारुतराव नाही म्हणायला शिकले, पण शालनबाईंची लेक अजून खडी फोडते आहे.