सुरम्याच्या दुकानाची पाटी

शनिवार पेठेतल्या कादरभाईंच्या दुकानावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं : ‘असली ठंडा सुरमा. डोळ्यांच्या सर्व विकारांवर रामबाण.’ आणि त्याच पाटीखाली, गल्ल्याशेजारी, त्यांची बायको अमिनाबी लालभडक डोळे घेऊन बसायची. गिऱ्हाईक एकदा पाटीकडे बघायचं, एकदा तिच्याकडे, आणि नुसतं अत्तर घेऊन निघून जायचं. एकाने तर विचारलंच, “घरी दुसऱ्या दुकानाचा वापरता वाटतं?” पुणेकरच तो, विचारल्याशिवाय कसा राहील!

कादरभाईंना ते फार लागलं. अमिनाबीला दुकानाचं काही नव्हतं, तिला धास्ती होती सुईकाम सुटण्याची. लग्नाच्या ओढण्यांवर जरीकाम करण्यात पेठेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता पापण्यांच्या कडा सुजायच्या, सकाळी चिकटून बसायच्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि टाका धूसर दिसायचा. एका नवरीच्या ओढणीवरची वेल वाकडी गेली, तेव्हा ती उसवता उसवता अमिनाबी रडली. एवढं एकच काम तिचं स्वतःचं होतं. तेही गेलं असतं तर ती नुसती गल्ल्याशेजारची बाई उरली असती.

कादरभाईंचा उपाय ठरलेला : सुरम्याची सळई, रोज, दोन्ही डोळ्यांत. आगीत तेल ओतावं तशी आग व्हायची. किती महिने सोसणार? एक दिवस कुणालाही न विचारता ती रिक्षात बसली आणि कोथरूडला डॉक्टर मंदाकिनीबाईंकडे गेली.

“पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्या सुजल्यात, तुंबल्यात. सुरमा आजपासून बंद. गरम पाण्याच्या फडक्याने शेक द्या, आणि टेट्रासायक्लिनच्या या कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्या. फरक पडायला काही आठवडे लागतील.”

कादरभाई ऐकून उखडलेच. “दुखतंय डोळ्यात आणि औषध पोटात? उद्या गुडघा दुखला तर टोपीला मलम लावायला सांगेल ती!”

“मी घेणार,” अमिनाबी म्हणाली. “आणि सळईला आता हात लावणार नाही.”

माणूस वाईट नव्हता हो. औषध उष्ण पडेल म्हणून दर कॅप्सूलबरोबर दुधाचा पेला तो स्वतः आणून द्यायचा. “एवढं तरी ऐक माझं.” तिने ऐकलं. डॉक्टरांनी रिकाम्या पोटी सांगितलं होतं खरं, पण त्या घरात दुधाला कुणी खाणं म्हणतच नव्हतं.

आठवडे गेले. पापण्या तशाच. कादरभाईंनी सळई तिच्यापुढे ठेवली. “झाली हौस?”

तिला रडू फुटत होतं. तरी सळई तिने परत ढकलली. “डोळे माझे आहेत. फुटले तर माझे फुटतील.” आणि पुन्हा कोथरूड गाठलं.

“कॅप्सूल कशाबरोबर घेता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दुधाबरोबर.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “दूध या औषधाला धरून बसतं, रक्तात उतरूच देत नाही. पाण्याबरोबर घ्या. दुधाचं नाव घेऊन सांगायला हवं होतं, चुकलं माझं.”

दुसऱ्या दिवशी कादरभाई पेला घेऊन आले, तो तिने सरळ मांजरापुढे ठेवला.

“आतून जळशील!”

“जळू दे. बाहेरून काय कमी जळत होते?”

मग मात्र सूज उतरत गेली. खुपणं थांबलं. सुईत दोरा एका झटक्यात गेला, तेव्हा तिने घरभर सगळ्यांना तो दाखवला.

एके दुपारी विश्रांतवाडीचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. “भाभी, डोळे काय साफ झालेत तुमचे! सुरमा ना? द्या दोन डब्या. आमच्या आईच्या पापण्याही अशाच सुजल्यात.”

कादरभाई खुलले. त्यांचा हात डबीकडे गेला.

“सुरम्याने नाही,” अमिनाबी म्हणाली. “सुरमा सोडला, डॉक्टरांचं औषध घेतलं, म्हणून. आईंना डॉक्टरांना दाखवा.”

गिऱ्हाईक गेलं. कादरभाईंनी डबी फळीवर आपटली. “भर दुकानात नाक कापलंस! बापजाद्यांचं दुकान आहे हे!”

ती पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिने वळून वर पाहिलं. पाटीवरचं अक्षर न् अक्षर तिला स्वच्छ दिसत होतं. कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं.

परत येऊन तिने स्टूल ओढलं, टाके उसवायची छोटी सुरी घेतली, वर चढली आणि खालच्या ओळीचा रंग खरवडायला लागली.

“अगं, काय करतेस? लोक बघतायत!”

“वाकडं गेलेलं उसवतेय. सुरमा विका, शौक म्हणून खुशाल विका. औषध म्हणून विकलात तर मी इथेच बसून प्रत्येकाला सांगेन.”

स्टूल डगमगलं. कादरभाईंनी तिला, डॉक्टरीणबाईंना आणि साऱ्या कोथरूडला शिव्या घालत ते दोन्ही हातांनी धरलं.

“नीट धरा,” अमिनाबी वरून म्हणाली, “अजून ‘रामबाण’ राहिलंय.”